इंजिनिअरिंग मॅनेजमेंटसाठी विद्यापीठ कसं निवडावं: नाशिकच्या इंजिनिअरांसाठी

इंजिनिअरिंग झालं, सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यात दोन-तीन वर्षं काढली की बऱ्याच जणांच्या मनात एक प्रश्न घोळायला लागतो. मशीन कळलं, ड्रॉइंग कळलं, आता पुढे काय? डिझाइनमध्ये आणखी खोल जायची ओढ नसते. पण कारखान्याचा पैसा कुठे अडकतो, नवा पार्ट बाजारात कसा उतरतो, दोन व्हेंडरपैकी एक कशावरून निवडतात, हे समजून घ्यायचं असतं. इंजिनिअरिंग मॅनेजमेंटची मास्टर्स पदवी अशांसाठी आहे.

कॉलेज रोडवरच्या सल्लागाराकडे गेलात की आठ-दहा विद्यापीठांची यादी हातात मिळते. ती बहुतेक वेळा रँकिंगवरून केलेली असते. मी रँकिंगकडे सगळ्यात शेवटी बघायला सांगतो. कारण या एकाच नावाखाली वेगवेगळी विद्यापीठं अगदी वेगवेगळ्या गोष्टी शिकवतात. एका ठिकाणी अर्धा अभ्यासक्रम फायनान्स आणि मार्केटिंगचा, दुसरीकडे निम्म्याहून जास्त गणित, तिसरीकडे प्रॉडक्शन आणि क्वालिटी. चुकीच्या ठिकाणी गेलात तर विद्यापीठ नामांकित असूनही शिकायचं होतं ते राहून जातं. म्हणून आधी आपल्याला कुठलं काम करायचंय ते ठरवा आणि मग त्या कामाशी जुळणारा अभ्यासक्रम शोधा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: हीच पदवी हवी आहे ना, हे तपासा

इंजिनिअरिंग मॅनेजमेंटला दोन शेजारी आहेत. एका बाजूला एमबीए, दुसऱ्या बाजूला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं एम.एस. किंवा एम.टेक. तिन्हींत सरमिसळ खूप होते.

पंधरा दिवस कामावर स्वतःकडे जरा लक्ष द्या. लाइन बॅलन्सिंग, शिफ्टचं नियोजन, स्टॉकचा हिशेब यात वेळ कसा गेला ते कळत नसेल, तर इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग किंवा ऑपरेशन्स रिसर्च तुम्हाला जास्त मानवेल. कस्टमरबरोबरची मीटिंग, कॉस्ट शीट, नव्या प्रोजेक्टची टाइमलाइन, डिझाइन आणि परचेस यांच्यातला समन्वय यात रस वाटत असेल, तर इंजिनिअरिंग मॅनेजमेंट. आणि इंजिनिअरिंगशी नातंच तोडून बँकिंग किंवा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या मार्केटिंगकडे जायचं असेल, तर सरळ एमबीए करा. परदेशातल्या चांगल्या एमबीएच्या वर्गात सरासरी पाचेक वर्षांचा अनुभव असलेली मंडळी असतात. इंजिनिअरिंग मॅनेजमेंट मात्र फ्रेशरपासून चार-पाच वर्षं अनुभव असलेल्यांपर्यंत सगळ्यांना घेतं.

ही शाखा कालपरवाची नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या रोला इथल्या विद्यापीठात १९६७ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आज ते विद्यापीठ मिसुरी एस अँड टी या नावाने ओळखलं जातं. या विषयाची अमेरिकन सोसायटी १९७९ मध्ये स्थापन झाली. त्यामुळे मुलाखतीत किंवा घरात कुणी विचारलं, की हा कुठला नवाच कोर्स, तर निःसंकोच सांगा.

दुसरी पायरी: अभ्यासक्रम पेन घेऊन वाचा

या पायरीला एक पूर्ण रविवार द्या. प्रत्येक विद्यापीठाच्या वेबसाइटवर सक्तीच्या विषयांची यादी असते. ती प्रिंट करा आणि प्रत्येक विषयापुढे एक खूण करा: पैसा आणि व्यवसाय, गणित आणि डेटा, उत्पादन आणि सिस्टिम, की तांत्रिक विषय. पाच-सहा याद्या झाल्या की फरक आपोआप दिसतो.

ड्यूक विद्यापीठाच्या पदवीचा गाभा व्यवसायाकडे झुकलेला आहे. मार्केटिंग, फायनान्स, बौद्धिक संपदा आणि व्यवसायाचा कायदा, तंत्रज्ञान कंपन्यांचं व्यवस्थापन. डार्टमथमध्ये इंजिनिअरिंगची थेयर शाळा आणि व्यवस्थापनाची टक शाळा एकाच आवारात आहेत आणि टकचे प्राध्यापकही शिकवतात. कॉर्नेलची पदवी एम.इंजी. या नावाची. ती ३० क्रेडिटची असून तिच्यात गटाने करायचा प्रोजेक्ट सक्तीचा आहे. स्टॅनफर्डचा विभाग 'मॅनेजमेंट सायन्स अँड इंजिनिअरिंग' या नावाचा आहे. तिथे ऑप्टिमायझेशन, प्रॉबेबिलिटी, निर्णयशास्त्र यांचं वजन मोठं. न्यूयॉर्कच्या कोलंबियातली याच नावाची पदवी ऑपरेशन्स रिसर्चचा विभाग चालवतो. गणिताची गोडी नसलेल्याने केवळ नाव मोठं म्हणून स्टॅनफर्ड-कोलंबियाकडे धावू नये, आणि गणितात रमणाऱ्याने ड्यूक मिळालं नाही म्हणून खट्टू होऊ नये.

क्रेडिटची तुलना करताना एक गोष्ट सांभाळा. काही विद्यापीठं सेमिस्टर पद्धतीची, काही क्वार्टर पद्धतीची. स्टॅनफर्डच्या मास्टर्सला ४५ युनिट लागतात, म्हणून ती कॉर्नेलच्या दीडपट मोठी असं समजू नका. ४५ क्वार्टर युनिट म्हणजे साधारण ३० सेमिस्टर क्रेडिटच.

आता तुमच्या बी.ई.च्या मार्कशीट शेजारी ठेवा. के. के. वाघ, एमईटी, संदीप, केबीटी, कुठूनही पदवी घेतलेली असो, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, ऑपरेशन्स रिसर्च किंवा क्वालिटी यांतलं काही तुम्ही आधीच शिकला असाल. तेच विषय परदेशात सक्तीचे असतील तर एकाच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा, आणि डॉलरमध्ये, पैसे मोजाल. विभागाला ईमेल करून विचारा: हा विषय झालेला असेल तर त्याऐवजी दुसरा घेता येतो का? बऱ्याच ठिकाणी येतो, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

ऐच्छिक विषयांबद्दलही एक प्रश्न त्याच ईमेलमध्ये टाका. बिझनेस स्कूलचे विषय घेता येतात असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिथल्या जागा आधी एमबीएवाल्यांना मिळतात आणि उरल्या तर इतरांना, असंही असू शकतं. मागच्या वर्षी तुमच्या विभागातल्या किती जणांना असे विषय मिळाले, असं थेट विचारा.

तिसरी पायरी: कॅलेंडर मांडून बघा

ही पदवी काही ठिकाणी नऊ-दहा महिन्यांत होते, काही ठिकाणी सव्वा ते दीड वर्षात, काही ठिकाणी दोन वर्षांत. घरी सगळ्यांना लहान कोर्स आवडतो, कारण खर्च कमी. पण अमेरिकेत नोकरीचा मोठा रस्ता उन्हाळी इंटर्नशिपमधून जातो, आणि इंटर्नशिप कॅलेंडरवर अवलंबून असते.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असताना शिक्षणाचा भाग म्हणून बाहेर काम करायचं असेल तर त्याला सीपीटी म्हणतात. त्यासाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं. आता मांडणी करून बघा. ऑगस्टमध्ये सुरू झालेला नऊ महिन्यांचा कोर्स मे महिन्यात संपला. उन्हाळा आला, पण तुम्ही विद्यार्थी राहिला नाहीत. मग इंटर्नशिप करायची तर ती ओपीटीतून, म्हणजे पदवीनंतर काम करायला मिळणाऱ्या मोजक्या महिन्यांच्या शिदोरीतून खर्च होणार. हाच कोर्स तीन सेमिस्टरचा असता तर दोन सेमिस्टरनंतर उन्हाळा मोकळा मिळाला असता, इंटर्नशिप झाली असती आणि डिसेंबरमध्ये पदवी घेताना हातात अनुभव असता. जानेवारीत सुरू होणाऱ्या बॅचचं गणित आणखी वेगळं. पहिल्या उन्हाळ्यात शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं नसतं, त्यामुळे तो उन्हाळा बहुधा हातचा जातो.

ज्याच्याकडे तीन-चार वर्षांचा भक्कम अनुभव आहे, त्याला लहान कोर्स चालतो. तो थेट पूर्णवेळ नोकरीसाठी अर्ज करू शकतो. फ्रेशरने किंवा वर्षभर अनुभव असलेल्याने मात्र उन्हाळा मिळणाराच कोर्स घ्यावा, चार-पाच लाख जास्त लागले तरी. यावर माझं मत ठाम आहे.

चौथी पायरी: सीआयपी कोड विचारा

अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे त्या विषयाचा सरकारी क्रमांक, असतो. पदवीनंतर सगळ्यांना १२ महिने ओपीटी मिळते. कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) सरकारी यादीत असेल तर त्यावर आणखी २४ महिने मागता येतात. इंजिनिअरिंग आणि इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचा कोड १५.१५०१ आहे आणि तो त्या यादीत आहे. पण सगळी विद्यापीठं हाच कोड वापरत नाहीत. साध्या एमबीएचा ५२.०२०१ हा कोड यादीत नाही. एखाद्या कोर्सच्या नावात 'टेक्नॉलॉजी' शब्द आहे म्हणून तो स्टेम असेलच असं गृहीत धरू नका. कोड ईमेलने लेखी मागवा.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या भरवशावर मात्र कर्जाचं गणित बसवू नका. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतली मास्टर्स असणाऱ्यांसाठी आणखी २०,००० एवढीच मर्यादा आहे. या २०,००० साठी विद्यापीठ सरकारी किंवा ना-नफा तत्त्वावरचं असावं लागतं, नफ्यासाठी चालवलेलं चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा अनेक घरांची झोप उडाली. हे नियम बदलत राहतात. ओपीटीच्या काळातल्या पगारात कर्जाचा मोठा भाग फिटेल का, आणि परत यावं लागलं तर पुणे-नाशिकच्या पगारात उरलेला हप्ता झेपेल का, हे दोन्ही हिशेब कागदावर करा.

पाचवी पायरी: पैसा

वेबसाइटवरची फी हा पूर्ण खर्च नसतो. प्रति क्रेडिट फी गुणिले क्रेडिट, त्यात विद्यापीठाचे इतर शुल्क, आरोग्य विमा, आणि प्रत्यक्ष जितके महिने राहणार तितक्या महिन्यांचं भाडं आणि जेवण. आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर, खर्चाचा अंदाज दिलेला असतो, पण तो अनेकदा नऊ महिन्यांचा असतो. तुम्ही राहणार सोळा महिने! शहराचाही मोठा फरक पडतो. बोस्टन किंवा न्यूयॉर्कचं भाडं आणि मिसुरीतल्या छोट्या गावातलं भाडं यांची तुलनाच नको.

या पदवीला शिष्यवृत्ती कमी मिळते आणि मिळाली तर बहुधा फीमध्ये काही टक्के सवलत असते. असिस्टंटशिपच्या (विद्यापीठातल्या पगारी कामाच्या) आशेवर बजेट करू नका.

कर्जाबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण निफाड, दिंडोरीकडची कितीतरी कुटुंबं इथे अडतात. घरी द्राक्षबाग आहे, सातबारा आहे, जमिनीची किंमत कोटीच्या घरात आहे, मग कर्ज सहज मिळेल असं वडिलांना वाटतं. बँकेत गेल्यावर कळतं की शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत. कारण सरळ आहे. कर्ज थकलं तर बँक ज्या सरफेसी कायद्याने तारण ताब्यात घेते, तो कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे बँकेला हवं असतं ते शहरातलं घर, फ्लॅट किंवा बिनशेती झालेला प्लॉट. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, खरेदीखत आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट ही कागदपत्रं जमवायला वेळ लागतो. मामा-काकांच्या नावावरची मालमत्ता तारण ठेवायची असेल तर त्यांच्याशी आधी मोकळेपणाने बोला. सही करायच्या दिवशी घरात रुसवेफुगवे नकोत. विद्यापीठाचं पत्र येण्याची वाट न बघता हे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा.

साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची हमी योजना आहे, पण परदेशी शिक्षणाला ती रक्कम अपुरी पडते. तारणाशिवाय मोठं कर्ज खासगी वित्तसंस्था देतात, त्यांचा व्याजदर जास्त असतो. बँक किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या कर्जातून फी पाठवली तर एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना आगाऊ घेतला जाणारा कर) कापत नाहीत. भरलेल्या व्याजावर आयकरात आठ वर्षं सवलत मिळते (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-ई), पण फक्त जुन्या करपद्धतीत.

सहावी पायरी: शिकून गेलेल्यांशी बोला

विद्यापीठाचा प्लेसमेंट रिपोर्ट वाचताना टक्केवारीच्या खालची बारीक अक्षरं वाचा. किती जणांनी माहिती दिली? त्यात आधीपासून कंपनीने पाठवलेले लोक धरलेत का? अनुभवी आणि फ्रेशर वेगळे दाखवलेत का?

मग लिंक्डइनवर त्या पदवीचे, गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेले आणि तुमच्यासारखीच पार्श्वभूमी असलेले लोक शोधा. आयआयटीतून गेलेल्या मुलाचा अनुभव तुमच्या कामाचा असेलच असं नाही. पुणे विद्यापीठाचं मेकॅनिकल, दोन वर्षं ऑटो पार्टचा कारखाना, अशा माणसाचा असेल. 'कॉलेज कसं आहे' असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघम येतं. विचारा: इंटर्नशिप कॉलेजच्या मेळाव्यातून मिळाली की स्वतः शोधली? पदवीनंतर नोकरी लागायला किती महिने गेले? पहिल्या नोकरीचं पद काय होतं? पुन्हा निवडायचं झालं तर हीच जागा निवडाल का? मराठी माणूस निघाला तर फोनवर अर्धा तास देतो.

भारतातले आणि युरोपातले पर्याय

परदेशी जाणं हेच यश, असं अजिबात नाही. पवईची नीटी ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनसाठी तिचं नाव उद्योगात जुनं आहे. कॅट द्यावी लागते. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्चचं एम.टेक. गेटमधून मिळतं. बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये इंजिनिअरांसाठीच व्यवस्थापनाची दोन वर्षांची पदवी आहे. बांधकाम क्षेत्रात असाल तर पुण्याचं निकमार बघा. स्पर्धा कडक आहे, पण डोक्यावर पन्नास लाखांचं ओझं नसतं. मुलाला पुढे घरचंच वर्कशॉप चालवायचं असेल तर मी हाच रस्ता आधी सुचवतो.

जर्मनीत शिक्षण फुकट ही समजूत आता जपून वापरा. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या मास्टर्स विद्यार्थ्यांना सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो फी लावली आहे. इतर अनेक सरकारी विद्यापीठांत अजून फी नाही, पण ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) आणि एपीएस प्रमाणपत्र (भारतीय पदवीची जर्मनीने केलेली तपासणी) बहुतेकांना लागतं. शिवाय जर्मन विद्यापीठं तुमच्या बी.ई.चे विषय क्रेडिटनुसार मोजून बघतात. व्यवस्थापनाचे ठरावीक क्रेडिट नसतील तर गुण कितीही चांगले असोत, अर्ज बाजूला पडतो. ती अट सगळ्यात आधी वाचा. आणि जर्मन भाषा शिका. तिकडच्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत तिच्याशिवाय व्यवस्थापनाचं काम मिळणं अवघड.

ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाची इंजिनिअरिंग बिझनेस मॅनेजमेंटची पदवी वर्षभराची आहे. कॅनडात विंडसर, ओटावा इथे ही पदवी मिळते. दोन्ही देशांत शिक्षणानंतर काम करायचे नियम गेल्या काही वर्षांत कडक होत गेलेत. अर्ज करताना त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच बघा.

सातवी पायरी: अर्जात शॉप फ्लोअर दिसू द्या

नाशिकच्या इंजिनिअरकडे एक गोष्ट असते जी अनेकांकडे नसते: कारखान्याचा प्रत्यक्ष अनुभव. तरीही बहुतेक एसओपी (अर्जासोबतचे हेतुपत्र) 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड' अशा वाक्याने सुरू होतात. ते वाक्य खोडून टाका.

समजा तुम्ही अंबडच्या प्रेस शॉपमध्ये आहात. डाय बदलायला वेळ फार लागायचा, म्हणून सुपरवायझर एकच जॉब मोठ्या लॉटमध्ये काढून ठेवायचा. मग तयार माल पडून राहायचा आणि कस्टमरला हवा तो पार्ट नेमका नसायचा. तुम्ही बोल्ट आणि टूल आधीच ट्रॉलीवर लावून ठेवायला सुरुवात केली, चेंजओव्हरचा वेळ उतरला, लॉट लहान झाले. पण परचेस खातं सवलतीसाठी पत्रा मोठ्या लॉटमध्येच घेत राहिलं आणि गोदाम भरलेलंच राहिलं. हे का झालं, ते तुम्हाला कळलं नाही. हे का झालं ते शिकायला मी येतोय, असं लिहा. निवड समितीला यातून तुम्ही कळता, आणि हा विद्यार्थी आपल्या कोर्सचं काय करणार तेही कळतं.

शिफारसपत्र एचओडी सरांचंच हवं असा आग्रह नको. ज्या साहेबांच्या हाताखाली रोज काम केलं, त्यांचं पत्र जास्त वजनदार ठरतं. त्यांना महिनाभर आधी सांगा आणि कुठलं काम आठवावं याची टिपणं द्या.

आठवी पायरी: कागदपत्रं आणि तारखा

ऑगस्टच्या प्रवेशासाठी बहुतेक मुदती आदल्या डिसेंबर ते मार्चमध्ये असतात. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेल-आयईएलटीएसचे दोन वर्षं. काही ठिकाणी जीआरई सक्तीची नाही, तरी सीजीपीए बेताचा किंवा एटीकेटी असेल तर ती द्यावी.

ट्रान्सस्क्रिप्टसाठी पुणे विद्यापीठाकडे सप्टेंबरमध्येच अर्ज टाका. आणि नावाकडे नीट बघा. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आडनावाचं स्पेलिंग एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरं असेल, तर पासपोर्ट किंवा गॅझेटची दुरुस्ती आधी करून घ्या. सगळ्या अर्जांत पासपोर्टवरचंच नाव वापरा.

ऑफर आल्या की अनामत भरायची घाई करू नका. ती बहुधा परत मिळत नाही. दोन विद्यापीठांत अडकलात तर मुदत वाढवून मागा. नम्रपणे मागितली तर काही ठिकाणी मिळते. जागा पक्की केल्यावर आय-ट्वेंटी येईल. त्यावरचं नाव, सीआयपी कोड आणि कोर्सच्या सुरुवातीची-शेवटची तारीख तुमच्या कागदांशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी विद्यापीठाला ईमेल करा, आणि दुरुस्त प्रत हातात आल्यावरच मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला जा.